कुलूप विकणाऱ्याला घरातल्या माणसांची यादी कशाला हवी?



गेल्या महिन्यात पाच दिवस आपलं पेज बंद होतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. खरं सांगायचं तर बंद नव्हतं, चोरीला गेलं होतं. त्या पाच दिवसांत पेजवर कुठल्या तरी परदेशी चपलांच्या जाहिराती पडत होत्या. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "काय हो पत्रकार, बातम्या सोडून चपलांचं दुकान टाकलं का?" तेव्हा हसून विषय टाळला. आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. पण वाचा, कारण विषय माझ्या पेजपुरता नाही.

झालं असं. शुक्रवारी रात्री साडेदहाला मेसेज आला की, तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केलाय, चोवीस तासांत खुलासा केला नाही तर पेज कायमचं बंद होईल. खाली लिंक. दिवसभर एका सभेत बसून डोकं आंबलेलं होतं. घाबरलो, लिंक उघडली, पासवर्ड टाकला. संपलं. सकाळी उठून बघतो तर माझाच पासवर्ड मला चालेना.

वीस वर्षं या धंद्यात आहे. "अनोळखी लिंक उघडू नका" अशा बातम्या मी स्वतः कितीतरी वेळा लावल्यात. तरी गेलो. त्यामुळे फसलेल्या माणसाला "शिकलेला असून कसा फसला" असं यापुढे मी तरी म्हणणार नाही.

जाहिरातींचं मला फार वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी एक फोन आला, तो मात्र अजून डोक्यातून जात नाही.

"दादा, मी तुम्हाला ते फोटो पाठवले होते ना, ते अजून तिथंच आहेत का हो?"

ही ताई कोण, कुठल्या गावची, काय काम करते, यातलं काही सांगणार नाही. एवढंच सांगतो, की आपण पूर्वी केलेली एक बातमी तिच्या फोटोंवर उभी होती. बातमीत तिचं नाव नव्हतं. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. माझ्या घरात माहीत नव्हतं. तिचं नाव जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या इनबॉक्समध्ये. आणि त्या दिवशी तो इनबॉक्स कुणाच्या हातात होता, हे मलाच ठाऊक नव्हतं. ती तीनदा विचारत राहिली आणि मी तीनदा "बघतो ताई, बघतो" म्हणत राहिलो.

पाचव्या दिवशी ओळखपत्र वगैरे देऊन पेज परत मिळालं. चोरांना जाहिरातीच टाकायच्या होत्या असं दिसतंय. मेसेज कुणी वाचले की नाही, हे कळायला मार्ग नाही.

तर, दुसरं कुलूप.

पासवर्ड हे पहिलं कुलूप. ते मी स्वतःच्या हाताने चोराला उघडून दिलं. दुसरं कुलूप म्हणजे पासवर्डनंतर विचारला जाणारा सहा आकडी कोड. इंग्रजीत त्याला टू-फॅक्टर म्हणतात, काही ठिकाणी टू-स्टेप लिहिलेलं असतं. हे मी लावलेलं असतं, तर त्या रात्री चोराला नुसत्या पासवर्डवर आत शिरता आलं नसतं. "उद्या लावू, उद्या लावू" करत दोन वर्षं काढली होती.

हा कोड दोन तऱ्हांनी मिळतो. एक, मोबाइलवर एसएमएस. दोन, ऑथेंटिकेटर नावाचं एक छोटं अॅप असतं, ते कोड दाखवतं.

एसएमएस आपल्या अंगवळणी पडलाय. पण त्यात दोन गोची आहेत. पहिली, कोड सिमवर येतो, आणि आपल्या नावाचं डुप्लिकेट सिम दुसऱ्याने काढून नेलं तर कोड त्याच्याकडे जातो. असले गुन्हे देशात बरेच घडलेत. शिवाय वाडीवस्तीवर रेंज नसली की कोड येतच नाही, ते वेगळंच.

दुसरी गोची कमी लोकांना माहीत आहे. सुरक्षेसाठी म्हणून दिलेला नंबर सुरक्षेपुरता राहतोच असं नाही. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात लोकांकडून "खातं सुरक्षित ठेवण्यासाठी" म्हणून फोन नंबर आणि ईमेल घेतले आणि तेच जाहिरातदारांसाठी वापरले. चौदा कोटींहून जास्त लोकांचा प्रश्न होता. मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांना त्याबद्दल १५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. फेसबुकवरही असाच ठपका आला होता. २०१९ मध्ये तिथल्या सरकारशी ५०० कोटी डॉलरची तडजोड झाली, तिच्यात एक अट अशी होती की सुरक्षेसाठी घेतलेला नंबर यापुढे जाहिरातीला वापरायचा नाही. म्हणजे दाराला कडी लावायला बोलावलेल्या सुताराने घराचा पत्ता फेरीवाल्यांना वाटावा, त्यातली गत.

म्हणून ठरवलं, अॅपच घ्यायचं. स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. पोरगा ओळखीचा आहे, हुशार आहे, कामाला चोख आहे. म्हणाला, "द्या सर, दोन मिनिटांत करून देतो." प्ले स्टोअरमध्ये शब्द टाकला, सगळ्यात वर आलेलं अॅप घेतलं. उघडल्याबरोबर एक जाहिरात. मग अॅप म्हणालं, फोन नंबर द्या. मग, कॉन्टॅक्ट बघू द्या. मग लोकेशन. मग, तीन दिवस फुकट आणि पुढे दर आठवड्याला पैसे. पोरगा भराभर "अलाव, अलाव" दाबत होता.

म्हटलं, "थांब रे. ह्याला माझे कॉन्टॅक्ट कशाला लागतात?"

तो म्हणाला, "सगळेच मागतात सर. अलाव करायचं आन् पुढं जायचं."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळे हेच करतो. टॉर्चचं अॅप घेतलं तरी अलाव, पंचांगाचं घेतलं तरी अलाव. पण पंचांगाच्या अॅपमध्ये आपण तिथी बघतो. या अॅपमध्ये आपल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या जाणार असतात. तिथे "सगळेच मागतात" हे उत्तर चालणार नाही. फोन परत घेतला, अॅप काढून टाकलं आणि घरी येऊन दोन-तीन रात्री याच विषयावर वाचत बसलो. जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

हे अॅप कोड आणतं कुठून? मला वाटायचं कंपनी पाठवत असणार. तसं नाही. सुरुवातीला स्क्रीनवर एक क्यूआर दिसतो. त्यात एक गुप्त किल्ली असते, लांबलचक अक्षरांची. तो क्यूआर स्कॅन केला की तीच किल्ली तुमच्या फोनमध्येही उतरते. मग फोन काय करतो, ती किल्ली घेतो, घड्याळातली वेळ घेतो, दोन्हींचं एक ठरलेलं गणित करतो आणि सहा आकडे काढतो. दर तीस सेकंदांनी नवे. समोरची वेबसाइटही तीच किल्ली, तीच वेळ घेऊन तेच गणित करते. आकडे जुळले की दार उघडतं.

पंचांगाचंच उदाहरण घ्या. तुमच्या घरी एक पंचांग आहे आणि तेच पंचांग मुंबईला तुमच्या भावाच्या घरी आहे. आज तिथी कोणती, हे दोघांना एकमेकांना फोन न करता कळतं. पंचांग एकच, दिवस एकच, म्हणून उत्तर एकच. या कोडचं तसंच आहे. हे गणित कुठल्या एका कंपनीच्या मालकीचंही नाही. २०११ पासून ते जाहीर मानक म्हणून सगळ्यांसाठी खुलं आहे. म्हणून एका कंपनीच्या अॅपमध्ये दुसऱ्या कंपनीच्या खात्याचा कोड चालतो.

खात्री करायची असेल तर अॅप बसवल्यावर फोन एरोप्लेन मोडवर टाका. सिम बंद, नेट बंद. तरी कोड बदलत राहतो. मी गच्चीवर बसून दहा मिनिटं नुसता तो आकडा बदलताना बघत होतो. बायको म्हणाली, "काय बघताय एवढं?" म्हटलं, "ह्याला कुणाचीच गरज नाही गं."

माझा सगळा मुद्दा याच एका गोष्टीत आहे. या अॅपला काम करायला तुमचा फोन नंबर लागत नाही. ईमेल लागत नाही. कॉन्टॅक्ट, लोकेशन काही लागत नाही. इंटरनेटसुद्धा लागत नाही. लागतो फक्त कॅमेरा, तोही क्यूआर स्कॅन करण्यापुरता. किल्ली हाताने टाइप केली तर तोही नको. मग याहून जास्त जे काही अॅप मागतं, ते स्वतःसाठी मागतं. काही वेळा त्यामागे खरंच तुमची सोय असते, बॅकअपसारखी. तिच्याकडे नंतर येतो. पण मागणारा का मागतोय, हे विचारायचा हक्क आपला आहे.

कुणी म्हणेल, नंबर गेला तर गेला, सगळीकडे आहेच. पण या अॅपमध्ये नुसता नंबर नसतो. तुमची खाती कुठे कुठे आहेत त्याची यादी असते. मेल कुठला, शेअरचं खातं कुणाकडे, कुठल्या साइटवर तुम्ही आहात, सगळं एका पानावर. ती यादी आणि तुमचा नंबर एकत्र आला, की फसवणाऱ्याला "साहेब, मी अमुक कंपनीतून बोलतोय" म्हणायला सोपं जातं. आणि किल्ल्याच बाहेर गेल्या, तर दुसरं कुलूप लावलं काय आणि नाही काय, सारखंच.

ही नुसती भीती नाही. घडलेल्या गोष्टी सांगतो.

जानेवारी २०२२. गूगलच्या प्ले स्टोअरवर, म्हणजे अधिकृत दुकानात, टू-एफए ऑथेंटिकेटर नावाचं अॅप सापडलं. कोड दाखवायचं काम ते व्यवस्थित करत होतं. आतून मात्र फोनमध्ये बँकेची माहिती चोरणारा व्हायरस उतरवत होतं. काढून टाकेपर्यंत दहा हजारांवर लोकांनी ते घेतलं होतं. कुलूप म्हणून घरात आणलं आणि त्यातूनच चोर निघाला.

फेब्रुवारी २०२३. ट्विटरने जाहीर केलं की एसएमएसचा कोड यापुढे पैसे भरणाऱ्यांनाच मिळेल. लोक घाईने अॅप शोधायला लागले. त्याच वेळी सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी ॲपलच्या अॅप स्टोअरवरची अशी अॅपं तपासली. त्यातलं एक अॅप स्कॅन केलेला प्रत्येक क्यूआर, म्हणजे प्रत्येक गुप्त किल्ली, अॅप बनवणाऱ्याच्या खात्यात पाठवत होतं. वर जाहिराती देऊन अशी अॅपं शोधात पहिल्या नंबरवर येत होती. आपण काय करतो? पहिल्या नंबरचंच घेतो.

बरं, मोठ्या नावाचं घेतलं म्हणजे निश्चिंत, असंही नाही. ऑथी हे चांगलं नावाजलेलं अॅप. पण खातं काढायला फोन नंबर सक्तीचा. जुलै २०२४ मध्ये त्यांच्या मालक कंपनीने, ट्विलिओने, मान्य केलं की एका उघड्या राहिलेल्या दारातून ऑथी वापरणाऱ्यांचे फोन नंबर बाहेर गेले. चोरांचा दावा ३ कोटी ३० लाख नंबरांचा होता. कोडच्या किल्ल्या गेल्याचं आढळलं नाही, हेही सांगायला पाहिजे. पण मुळात नंबर मागितलाच नसता, तर गळायला काही उरलंच नसतं. जी वस्तू तिजोरीत ठेवलेलीच नाही, ती चोरीला जात नाही.

गूगलचं स्वतःचं अॅप बरेच जण वापरतात. एप्रिल २०२३ मध्ये त्यात किल्ल्या गूगल खात्यात साठवायची सोय आली. फोन हरवला तर बरं, म्हणून लोकांना आवडली. पण अभ्यासकांनी दाखवलं की त्या किल्ल्या अशा तऱ्हेने जात होत्या की त्या कंपनीलाही दिसू शकतील. दोन्ही टोकांना कुलूपबंद अशी व्यवस्था त्या वेळी नव्हती. ही सोय सक्तीची नाही, खातं न जोडताही ते अॅप चालतं. पण समोर आलेलं बटण दाबून पुढे जाणाऱ्याला हे कोण सांगणार?

आता नेहमीचा प्रश्न. परवा चहाच्या टपरीवर एका मित्राने विचारलाच. "अरे, आपल्यासारख्या साध्या माणसाकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होतो. पण त्या ताईच्या फोननंतर म्हणता येत नाही. माझ्याकडे माझं लपवण्यासारखं काही नाही. माझ्याकडे तिचं होतं. तुमच्याकडेही दुसऱ्यांचं असतंच. शिक्षकाच्या मेलमध्ये पोरांचे दाखले असतात. डॉक्टरांच्या फोनमध्ये पेशंटचे रिपोर्ट. वकिलाकडे पक्षकाराची कागदपत्रं. पतसंस्थेच्या क्लार्ककडे निम्म्या गल्लीची केवायसी. बचत गटाच्या अध्यक्षाताईंकडे वीस बायकांच्या आधारचे फोटो. आपला फोन आता आपल्या एकट्याचा राहिलेला नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. तो हक्क माझ्या एका "अलाव"मुळे दुसऱ्याचा जाऊ शकतो, एवढं तरी आपण ध्यानात घ्यायला हवं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. काही ठेवू न देणारं अॅप घेतलं, बॅकअप काढला नाही आणि फोन गेला, तर तुम्हीच तुमच्या घराबाहेर. माझ्या एका शिक्षक मित्राचा फोन एसटीत राहिला. कोड त्याच फोनमध्ये. मेल उघडायला त्याला तीन आठवडे लागले. तो म्हणतो, "तुझा खाजगीपणा तुलाच लखलाभ, मला गूगलमध्ये साठवलेलं परवडलं." त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. फोन हरवणं हा आपल्याकडे हॅकरपेक्षा रोजचा धोका आहे.

पण बॅकअप हवा म्हणून किल्ल्या दुसऱ्याच्या हवाली कराव्याच लागतात असं नाही. बऱ्याच मोठ्या साइट दुसरं कुलूप लावताना राखीव कोड देतात. ते कागदावर लिहा. हो, कागदावर. स्क्रीनशॉट नको, व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवणं नको. कपाटात सातबारा आणि विम्याची पॉलिसी जिथे ठेवता, तिथे तो कागद ठेवा. कुठल्या तरी लांबच्या देशातला चोर तुमच्या गोदरेजच्या कपाटात हात घालू शकत नाही. दुसरं म्हणजे, चांगली अॅपं सगळ्या किल्ल्यांची पासवर्ड लावलेली एक फाइल काढून देतात. ती पेनड्राइव्हवर ठेवायची.

फाइल का हवी, त्याचंही उदाहरण आहे. आयफोनवर राइव्हो नावाचं अॅप होतं, जाणकार लोक त्याची शिफारस करायचे. ते एका दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं आणि २०२४ मध्ये एका अपडेटनंतर अनेकांच्या किल्ल्याच गायब झाल्या. अॅप आज चांगलं आहे म्हणून उद्याही त्याच माणसाच्या हातात असेल, असं नाही.

मग घ्यायचं कोणतं? मी कुणाची जाहिरात करत नाही, मला कुणी दमडी दिलेली नाही. प्रश्न विचारायला शिका, अॅप आपोआप सापडतं. मी हे पाच प्रश्न विचारले.

१. खातं न काढता, नंबर न देता चालतं का? नाही चालत, तर का?

२. कॅमेरा सोडून आणखी काय मागतं? प्ले स्टोअरवर अॅपच्या पानावर "डेटा सुरक्षितता" असा भाग असतो. तो कंपनीनेच भरलेला असतो, म्हणून डोळे झाकून विश्वास नको, पण तिथेच "माहिती दुसऱ्यांना देतो" असं लिहिलं असेल तर पुढे बघायचीही गरज नाही.

३. पैसे कुठून येतात? जाहिराती दाखवणारं, आठवड्याला पैसे मागणारं कोड-अॅप मुळीच नको.

४. किल्ल्या बाहेर काढून दुसऱ्या अॅपमध्ये नेता येतात का? जे अॅप आत घेतं आणि बाहेर सोडत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

५. ते आतून कसं बनलंय, हे जाणकारांना तपासता येतं का? म्हणजे त्याचा कोड खुला आहे का?

या प्रश्नांवर मला ॲन्ड्रॉइडवर एजिस बसलं. ते खातं मागत नाही, नंबर मागत नाही आणि इंटरनेटची परवानगीच घेत नाही. म्हणजे त्याला किल्ल्या बाहेर पाठवायची वाटच नाही. टू-एफएएस आणि एन्टे ऑथ हीसुद्धा खुली आणि चांगली अॅपं आहेत, आयफोनवरही चालतात. एन्टेमध्ये बॅकअप हवा असेल तर तो कंपनीलाही वाचता येणार नाही अशा तऱ्हेने ठेवला जातो. माझ्या शिक्षक मित्राला तेच लावून दिलं, आता भांडण मिटलंय. नव्या आयफोनमध्ये पासवर्ड्स नावाचं अॅप आधीपासून असतं, त्यातही हे कोड निघतात.

एक सावधगिरी. मघाशी ज्या २०२२ च्या नकली अॅपचं सांगितलं, ते एजिसचाच खुला कोड उचलून बनवलं होतं. खुलं असलं की चोरही उचलतो. म्हणून नुसतं नाव बघून घेऊ नका, बनवणारा कोण ते बघा. एजिसखाली बीम डेव्हलपमेंट असं लिहिलेलं असतं.

आणि यातलं काहीच जमत नसेल, तर एसएमएसचा कोड तरी लावा. काहीच न लावण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा. व्हॉट्सअॅपला हे अॅप लागत नाही, तिथे सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, सहा आकडी पिन घाला. आणि कोड कुठूनही आलेला असो, फोनवर कुणालाही सांगायचा नाही, लिंकवरून उघडलेल्या पानावर टाकायचा नाही. अॅपमधला कोडसुद्धा माणूस भूल देऊन काढून घेऊ शकतो. फसलात, तर लाजू नका, १९३० वर लगेच फोन करा.

आता थोडं आपल्या गावाबद्दल, कारण सगळं ओझं एकट्या माणसावर टाकून चालणार नाही.

शाळा-कॉलेजात सायबर जागृतीचे कार्यक्रम होतात. मी त्यांच्या बातम्या करतो. "टू-स्टेप चालू करा" हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. कोणतं अॅप, ते काय मागतं, नकली कसं ओळखायचं, हे मी एकाही भाषणात ऐकलेलं नाही. मुलं घरी जातात आणि शोधात सगळ्यात वर आलेलं अॅप घेतात. अर्धा सल्ला कधी कधी सल्ला नसण्यापेक्षा महाग पडतो. पुढच्या कार्यक्रमात आयोजकांनी हे पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत, एवढीच विनंती.

ऑफिसांमध्ये तर वेगळीच तऱ्हा. लॉगिन एकाच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर आणि काम करणारा ऑपरेटर तिसरीकडे. मग दिवसभर फोन, "साहेब, ओटीपी सांगा." लोकांना आपण सांगायचं की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि त्यांच्याच समोर काउंटरवर मोठ्याने ओटीपी वाचून दाखवायचा. लोक काय शिकणार?

बँकांचं थोडं वेगळं आहे. आपल्या बहुतेक बँकांचा ओटीपी एसएमएसनेच येतो, तिथे आपलं हे अॅप चालत नाही, हे लक्षात ठेवा. पण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे नियम काढले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यात दोन टप्प्यांची पडताळणी हवीच आहे, पण ती एसएमएसनेच व्हावी असं बंधन नाही. म्हणजे दुसरे मार्ग येणार. ते येतील तेव्हा आपल्या गावातल्या बँका आणि पतसंस्था नवी अॅपं घ्यायला सांगतील. त्या वेळी काउंटरवर विचारा, "हे अॅप माझे कॉन्टॅक्ट का मागतंय?" दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर द्यावंच लागतं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केलाय. पण काउंटरवर कुणी विचारलंच नाही, तर तो कायदा कागदावरच राहील.

शेवटचं. पेज परत आल्यावर मी त्या ताईला फोन केला. सगळं सांगितलं. जुने मेसेज पुसून टाकलेत, दुसरं कुलूप लावलंय, यापुढे कुणाचे फोटो इनबॉक्समध्ये ठेवणार नाही, काम झालं की काढून टाकीन. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं दादा." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने काही पाठवलेलं नाही. मी मागणारही नाही. माझ्या आळसाची किंमत तिने मोजली असती, हे तिला कळलंय आणि मलाही.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी सार्वजनिक वाचनालयात बसणार आहे. ज्यांना हे दुसरं कुलूप लावायचंय त्यांनी यावं. फोन चार्ज करून आणा, एक कोरा कागद आणि पेन आणा. पैसे नाहीत, फॉर्म नाही, कुणाचा नंबर लिहून घेणार नाही. तुमच्या फोनला मी हात लावणार नाही, बटणं तुम्हीच दाबायची. मोबाइलच्या दुकानातल्या त्या पोरालाही बोलावलंय. तो म्हणाला, "सर, मला पण शिकायचंय, लोक मलाच विचारतात."

पटलं तर पुढे पाठवा. चुकलं असेल तर खाली लिहा, दुरुस्त करीन. फक्त मला इनबॉक्समध्ये गुपितं पाठवू नका. भेटून सांगा, चहा माझ्याकडून.